ग्रूव्ह म्हणजे काय? : दबक्या ठोक्यांचा एक पाठ



मी शाळेत गणित शिकवतो आणि कॉलेजात असल्यापासून ड्रम वाजवतो. गावच्या ऑर्केस्ट्रात काही वर्षं वाजवलं, गणपतीत वाजवलं, वरातीतही वाजवलं. त्यामुळे शाळेत लेझीम पथक बसवायची वेळ आली की वाद्यांची बाजू माझ्याकडे येते. आजचा पाठ त्याच अनुभवातून आलेला आहे, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

चूक कुठे झाली?

प्रजासत्ताक दिनाच्या कार्यक्रमासाठी लेझीम बसवली होती. ताशासाठी मी आठवीतला एक मुलगा निवडला. हात इतका जलद की बघत राहावं! सरावात मी त्याला सगळ्यांसमोर शाबासकी द्यायचो, "बघा, याला म्हणतात हात!" ढोलावर सातवीतली एक मुलगी होती. ती साधंच वाजवायची, म्हणून तिच्याकडे माझं फारसं लक्षच नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी मैदान भरलेलं. टाळ्या पडायला लागल्या तसा ताशा पळायला लागला. 'चार आवाज' कसेबसे निभावले, पण 'आठ आवाज' सुरू झाल्यावर मुलांना वाकून वर यायलाही वेळ पुरेना. मागची रांग पुढच्या रांगेवर आली. लोक हसले. तो मुलगा खाली मान घालून ताशा ठेवून निघून गेला आणि पुढचे काही दिवस सरावाला फिरकला नाही.

दुसऱ्या दिवशी लेझमीतली पाचवीतली एक चिमुरडी मला म्हणाली, "सर, मी ताशा ऐकतच नव्हते. ढोलावरच पाय टाकत होते, म्हणून माझं चुकलं नाही."

मला जे दिसलं नव्हतं ते त्या पोरीला ऐकू आलं होतं. चुकला तो मुलगा होता खरा, पण त्याला वेगाचं वेड लावलं होतं मीच. मग ठरवलं, याला परत बोलवायचं आणि जे आधी शिकवायला हवं होतं ते आता शिकवायचं. ते म्हणजे ग्रूव्ह.

ग्रूव्ह म्हणजे नेमकं काय?

ताल आपल्याला माहीत असतो. चार मात्रांचा, सहा मात्रांचा, सोळा मात्रांचा. ताल म्हणजे हिशोब. तो कागदावर लिहिता येतो. पण तोच ताल दोघांनी वाजवला तर एकाच्या वाजवण्यावर पाय आपोआप हलायला लागतो आणि दुसऱ्याच्या वाजवण्यावर हलत नाही. हा जो फरक आहे त्याला ड्रमवाले ग्रूव्ह म्हणतात. आपल्याकडे "ठेका धरलाय" किंवा "वजनात वाजवतोय" असं म्हणतात, ते याच्या अगदी जवळचं आहे.

ग्रूव्ह तीन गोष्टींनी बनतो :

१. लय स्थिर असणं. पळायचं नाही, रेंगाळायचं नाही.
२. प्रत्येक ठोक्याचं वजन ठरलेलं असणं. कुठला मोठा, कुठला लहान.
३. मोकळी जागा मोकळीच ठेवणं.

तिसरा मुद्दा मुलांना सगळ्यात अवघड जातो. पण आपल्या संगीतात तो आधीपासून आहे. तीनताल हातावर मोजताना पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी वाजते आणि नवव्या मात्रेला हात नुसता बाजूला जातो. ती 'खाली'. टाळीचा आवाज नाही, पण मात्रा मोजलेली असते. ती सोडून दिली तर समेवर येताच येणार नाही.

वीस सेकंदांचा धडा

तो मुलगा परत आला तेव्हा मी त्याच्या हातात स्टिक दिल्या नाहीत. कानाला हेडफोन लावला आणि अमेरिकन गायक जेम्स ब्राउन यांचं 'फंकी ड्रमर' हे गाणं ऐकवलं. नोव्हेंबर १९६९ मध्ये सिनसिनाटी शहरात ते ध्वनिमुद्रित झालं आणि १९७० मध्ये बाजारात आलं. ड्रमवर होते क्लाइड स्टबलफील्ड.

गाणं बऱ्यापैकी पुढे गेल्यावर ब्राउन बाकीच्या वादकांना सांगतात की आता थांबा, ड्रमरला वाजवू द्या. आपल्याला वाटतं, आता हा माणूस आग लावणार. पण ब्राउन स्टबलफील्डना सांगतात की सोलो वगैरे करायची गरज नाही, जे चाललंय तेच चालू ठेव. आणि स्टबलफील्ड तेच करतात. आठ बार, म्हणजे चार-चार मात्रांची आठ आवर्तनं, तोच ठेका. ना गडगडाट, ना हातचलाखी.

मुलगा म्हणाला, "सर, यात विशेष काय? एकच तर वाजवतोय."

मी म्हटलं, "बरं. मग तू वाजव."

त्याने किक कुठे, स्नेअर कुठे हे लगेच पकडलं. हात चांगलाच होता त्याचा. पण वाजवल्यावर स्वतःच थांबला. "असं नाही वाटत आहे," म्हणाला. मला हेच हवं होतं. काहीतरी कमी आहे हे त्याच्या कानाला कळलं, तिथून शिकणं सुरू झालं.

मग कमी काय होतं?

ज्यांनी ड्रम सेट जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. उजव्या पायाने पेडल दाबलं की मोठा ड्रम वाजतो, तो किक. समोर मांडीजवळ असतो तो स्नेअर, कडक आवाजाचा. बाजूला दोन छोट्या झांजा एकावर एक बसवलेल्या असतात, तो हाय-हॅट. डाव्या पायाने तो उघडतो किंवा मिटतो.

'फंकी ड्रमर'मध्ये उजवा हात हाय-हॅटवर प्रत्येक मात्रेचे चार भाग वाजवत राहतो, म्हणजे आपली चौगुन. मधूनच हाय-हॅट किंचित उघडून 'त्स्स' असा श्वास घेतल्यासारखा आवाज येतो. डावा हात दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेला स्नेअरवर जोराचा ठोका देतो. इथपर्यंत आमच्या मुलाला जमलं होतं.

खरी गंमत त्या दोन जोराच्या ठोक्यांच्या मध्ये आहे. तिथे डावा हात स्नेअरवर अगदी हळू, कुजबुजल्यासारखे ठोके मारत असतो. ड्रमर लोक त्यांना घोस्ट नोट म्हणतात. भुतासारखे, म्हणजे असतात पण दिसत नाहीत. मी मुलांना 'दबके ठोके' म्हणून सांगतो. ते वेगळे ऐकू येत नाहीत, पण काढून टाकले की ठेक्यातला जीव जातो. मोठ्या ठोक्याला मोठेपण येतं तेही शेजारच्या हळू ठोक्यांमुळेच. सगळेच ठोके जोरात वाजले तर कुठलाच जोराचा वाटत नाही. वर्गात सतत ओरडणाऱ्या मास्तरांसारखं होतं ते. काही दिवसांनी मुलांना ऐकूच येत नाही.

यात तंत्र आहे, आणि ते शिकवता येतं. दबका ठोका म्हणजे भीत भीत मारलेला ठोका नव्हे. स्टिक जेवढ्या उंचीवरून येते तेवढा आवाज. जोराच्या ठोक्यासाठी स्टिक वीतभर वर जाते आणि दबक्या ठोक्यासाठी जेमतेम दोन बोटं. अंगठा आणि तर्जनीत स्टिक सैल धरायची आणि ती स्वतःच्या वजनाने पडू द्यायची. अवघड भाग असा की जोराचा ठोका मारल्यावर उसळणारी स्टिक तिथेच, खालीच थांबवायची, कारण लगेच पुढचा ठोका हळू आहे. मुठीत आवळून धरणाऱ्याला हे जमत नाही. आमच्या मुलाचा वेग सगळा आवळलेल्या मुठीतला होता. म्हणून तो जलद वाजवू शकत होता, पण हळू वाजवू शकत नव्हता!

स्टबलफील्ड शिकले कुठे?

क्लाइड स्टबलफील्ड यांचा जन्म १९४३ चा, अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावचा. संगीताचं शाळेतलं शिक्षण नाही, नोटेशन वाचता येत नव्हतं. लहानपणी आजूबाजूला कारखाने आणि रेल्वे. यंत्रांचे धपाधप आवाज, डोंगरावर आपटून येणारा त्यांचा प्रतिध्वनी, रुळांची खडखड, हेच त्यांचं पहिलं शिक्षण असं ते सांगत. १९६५ मध्ये ते जेम्स ब्राउन यांच्या बँडमध्ये आले आणि १९६७ च्या 'कोल्ड स्वेट'पासून त्यांचं वाजवणं इतर ड्रमरांच्या अभ्यासाचा विषय झालं.

त्याच बँडमध्ये दुसरे ड्रमर होते जॉन 'जॅबो' स्टार्क्स. दोघांची पद्धत वेगळी. स्टार्क्स यांचं वाजवणं सरळ आणि रेखीव, तर स्टबलफील्ड यांचं दबक्या ठोक्यांनी भरलेलं. एकाच बँडमध्ये दोन उत्तम ड्रमर म्हटल्यावर भांडणं व्हायची, पण या दोघांची मैत्री शेवटपर्यंत टिकली. पुढे 'फंकमास्टर्स' या नावाने ते एकत्र वाजवत आणि शिकवतही असत. दोन हुशार विद्यार्थ्यांना एकमेकांविरुद्ध उभं करायची सवय आपल्यापैकी ज्यांना आहे, त्यांनी ही जोडी जरूर आठवावी. यात मीही आलो.

नाव कुणाचं?

१९८० च्या दशकात सॅम्पलर नावाचं यंत्र आलं. जुन्या रेकॉर्डचा तुकडा उचलायचा, तो पुन्हा पुन्हा वाजवायचा आणि त्यावर नवीन गाणं रचायचं. 'फंकी ड्रमर'मधला तो आठ बारांचा तुकडा हजाराहून अधिक गाण्यांत वापरला गेला. पब्लिक एनिमीच्या १९८९ च्या 'फाइट द पॉवर'मध्ये तो आहे. हिप-हॉप ऐकणाऱ्या तुमच्या मुलाने स्टबलफील्ड यांचं नाव कधी ऐकलं नसेल, पण त्यांचा हात नक्की ऐकला असेल.

मी हे सांगितल्यावर आमच्या मुलाने लगेच विचारलं, "मग ते खूप श्रीमंत झाले असतील ना सर?"

नाही झाले. गाण्याचे रचनाकार म्हणून नाव जेम्स ब्राउन यांचं. ड्रमर हा पगारी वादक. चाल आणि शब्द ज्याचे त्याचं गाणं, ठेका रचणाऱ्याचा त्यात हक्क नाही, अशीच रीत होती. आपले ठेके वापरले गेले पण ना नाव दिलं गेलं ना पैसे मिळाले, हे स्टबलफील्ड यांनी मुलाखतींत बोलून दाखवलं आहे. ते विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात राहत आणि तिथल्या क्लबांमध्ये वर्षानुवर्षं सोमवारी रात्री वाजवत. आजारपणात बिलांची चिंता होती. गायक प्रिन्स यांनी त्यांच्या कॅन्सरच्या उपचाराचा मोठा खर्च गाजावाजा न करता उचलला होता, हे प्रिन्स यांच्या निधनानंतर जगाला कळलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये स्टबलफील्ड गेले. त्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना मरणोत्तर मानद डॉक्टरेट दिली.

मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, "सर, हे बरोबर नाही झालं."

याची दुसरी बाजूही मुलांना सांगायला हवी. १९८२ मध्ये टोटो या बँडचं 'रोझॅना' हे गाणं आलं. त्यातला जेफ पोर्कारो यांचा ठेका ड्रमरांना तोंडपाठ असतो. त्याला हाफ-टाइम शफल म्हणतात. एका मात्रेचे तीन भाग करायचे. पहिला आणि तिसरा हाय-हॅटवर, मधला स्नेअरवर दबका. इथेही तेच, मधला हळू ठोकाच सगळं ओढून नेतो. पोर्कारो यांनी आपल्या शिकवणीच्या व्हिडिओत हा ठेका वाजवून दाखवला आणि सांगून टाकलं की यातलं मूळ बर्नार्ड पर्डी यांच्या शफलचं आहे आणि काही भाग लेड झेपेलिनच्या जॉन बॉनम यांच्या 'फूल इन द रेन'मधून घेतला आहे. यात पोर्कारो लहान झाले का? उलट ड्रमर मंडळी आजही त्यांचं नाव आदराने घेतात. दुसऱ्याकडून घेणं ही चोरी नाही, नाव लपवणं ही चोरी. प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून उतारे उतरवणाऱ्या मुलांना हे मी आता याच उदाहरणाने सांगतो.

वर्गात करून पाहा

यासाठी ड्रम लागत नाही. बाक, वही आणि दोन पेन्सिली पुरतात.

१. चाला आणि मोजा. मुलांना गोलात चालायला लावा. प्रत्येक पावलाला एक-दोन-तीन-चार. दोन आणि चारला टाळी. दोन मिनिटं लय न बदलता जमलं तर फार झालं.

२. वीत आणि दोन बोटं. वहीवर पेन्सिलीने चार ठोके. पहिला वीतभर उंचीवरून, उरलेले तीन दोन बोटांवरून. सगळा वर्ग मिळून वाजवतो तेव्हा तीन ठोक्यांची कुजबुज आणि एक ठणठणीत ठोका असं ऐकू आलं पाहिजे.

३. पॅराडिडल. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. जगभरचे ड्रमर हा हात घोटतात. पहिला आणि पाचवा ठोका जोराचा, बाकी दबके. फोनमधला मेट्रोनोम ६० वर ठेवा. चुका थांबत नाहीत तोपर्यंत वाढवू नका, आणि वाढवलात तरी पाच-पाचनेच.

४. मुकी आवर्तनं. चार आवर्तनं मोठ्याने मोजायची, दोन मनात मोजायची, पुन्हा 'एक'वर सगळ्यांनी एकदम टाळी द्यायची. पहिल्यांदा टाळ्यांचा पाऊस पडतो! आठवड्याभरात एक टाळी होते.

५. गणिताची जोड. 'फंकी ड्रमर'ची लय मिनिटाला साधारण १०० मात्रा. मग एक मात्रा किती सेकंदांची? ६० ÷ १०० = ०.६. तिचे चार भाग केले तर एक भाग ०.१५ सेकंद. आठ बार म्हणजे ३२ मात्रा, ३२ × ०.६ = १९.२ सेकंद. ज्या तुकड्यावर हजाराहून अधिक गाणी उभी राहिली तो वीस सेकंदांचाही नाही, हे उत्तर मुलं स्वतः काढतात तेव्हा त्यांचे चेहरे बघा. दशांश अपूर्णांकाचा कंटाळा कुठल्या कुठे जातो.

६. आवाजांची वही. पिठाची गिरणी, शिलाई मशीन, पाण्याचा पंप, लोकल किंवा एसटी. आठवडाभर ऐकायचं आणि प्रत्येक आवाजाचा ठेका वहीत टिंबांनी लिहायचा. मोठं टिंब जोराचा ठोका, लहान टिंब दबका. आमच्या एका मुलीने आजीच्या भाकरी थापण्याचा ठेका लिहून आणला होता. तो शेवटपर्यंत लयीत होता.

पालकांसाठी दोन शब्द

मूल तबला, ढोलकी किंवा ड्रम शिकत असेल तर "किती फास्ट वाजवतोस दाखव" असं पाहुण्यांसमोर म्हणू नका. त्याऐवजी "आज कुणाबरोबर वाजवलंस?" असं विचारा. कुणीतरी गातंय आणि आपण त्याला साथ देतोय, यात मूल ऐकायला शिकतं. वेग नंतर येतो, आणि हात सैल असेल तर न बोलावता येतो. घरात आवाजाचा त्रास होत असेल तर रबरी पॅडवर सराव होतो, दबके ठोके त्यावर चांगले घोटता येतात. खऱ्या ड्रमवर वाजवताना मात्र कानात इअरप्लग हवेतच. कान एकदा गेले की परत येत नाहीत.

शेवटी काय झालं?

पुढच्या कार्यक्रमाला ताशावर तोच मुलगा होता. मी त्याला फक्त एक काम दिलं होतं. ढोल ऐकायचा आणि ढोलाच्या पुढे जायचं नाही. सरावात तो आपणहून त्या मुलीच्या शेजारी जाऊन उभा राहिला. "तुझा हात दिसला पाहिजे मला," म्हणाला. एके ठिकाणी थोडा पळाला, पण तिच्याकडे बघून परत आला. 'आठ आवाज' सरळ रांगेत पार पडले. तो पूर्वीइतका चमकला नाही, आणि पथक पूर्वीपेक्षा कितीतरी चांगलं वाजलं.

एक बदल मीही केला. आमच्या कार्यक्रमात सूत्रसंचालक पाहुण्यांची नावं घ्यायचे, मुख्य गायिकेचं घ्यायचे, दिग्दर्शक म्हणून माझंही घ्यायचे. वादकांना नुसतं 'साथसंगत' म्हणून उरकलं जायचं. आता ढोल, ताशा, झांज वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाचं नाव आम्ही माइकवरून घेतो. सगळी मिळून अर्धं मिनिटही लागत नाही. त्या दिवशी ढोलवाल्या मुलीचं नाव पुकारलं तेव्हा तिची आई शेवटच्या रांगेत उभी राहून टाळ्या वाजवत होती.

तुमच्याही पथकात असं एखादं मूल असेल, साधं वाजवणारं, लयीत राहणारं, कधी पुढे न येणारं. पुढच्या सरावाला आधी त्याच्याकडे लक्ष द्या. आणि कार्यक्रमात त्याचं नाव घ्यायला विसरू नका.